कणकेची गोळी

गळानें मासे धरणाऱ्या माणसाला लोक सामान्यतः दोन प्रश्न विचारतात. पहिला, ‘तासन् तास एका जागीं बसून तुम्हांला कंटाळा येत नाहीं का?’ आणि दुसरा, ‘किती मिळाले?’ पहिल्या प्रश्नाला उत्तर देण्यांत अर्थ नसतो, आणि दुसऱ्याला खरें उत्तर देण्याची आम्हां मंडळींत चाल नाहीं. परंतु ज्या प्रश्नाचें उत्तर मी केव्हांहि आनंदानें देईन, तो मात्र मला आजवर फार थोड्यांनीं विचारला आहे. तो प्रश्न असा : ‘गळाला तुम्ही लावतां काय?’

माझ्या मतें या विद्येंतलें सारें मर्म या एका प्रश्नांत आहे. काठी वेळूची असली तरी चालते आणि विलायती असली तरी चालते. तरंगायला मोरपिसाचा देठ पुरतो, बुडवायला शिशाचा तुकडा. हीं साधनें विकत मिळतात. आमिष निवडण्याची अक्कल मात्र विकत मिळत नाहीं. कारण आमिष निवडणें म्हणजे दुसऱ्याच्या भुकेचा अभ्यास करणें, आणि आपल्याला सहसा स्वतःच्या भुकेपलीकडे कांहीं ठाऊक नसतें.

औंधासारख्या गांवीं राहणाऱ्यानें हा छंद धरावा याचें पुष्कळांना हसूं येतें. यमाईच्या डोंगरावर उभें राहून चोहोंकडे पाहिलें तर बोडकीं टेकाडें आणि ज्वारी-बाजरीचीं रानें दिसतात. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं १९३८ सालीं उभारलेलें चित्रसंग्रहालय पाहायला लोक लांबलांबून येतात. नदी पाहायला औंधास कोणी येत नाहीं. आमची नदी म्हणजे पूर्वेकडची येरळा. ती वडुजावरून दक्षिणेस जाऊन ब्रह्मनाळापाशीं कृष्णेला मिळते. वर्षांतले कांहीं महिने ती नदी असते, कांहीं महिने डोहांची माळ असते आणि उरलेले महिने नुसती वाळू असते. अशा नदीच्या काठीं बसणाऱ्याला आमिषाविषयीं विचार करायला भरपूर सवड मिळते, हा एक फायदाच म्हणावयाचा.

पण माझें शिक्षण झालें तें येरळेवर नव्हे, कृष्णेवर. जुन्या औंध संस्थानचा मुलूख एकसंध नव्हता. त्याचा कुंडलाकडचा तुकडा कृष्णेच्या अंगाला होता, आणि त्याच बाजूला मी तरुणपणीं शाळामास्तर म्हणून कांहीं वर्षें काढलीं. तेथें एक वृद्ध भोई होते. सारा गांव त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीहि म्हणें. जाळें टाकणें हा त्यांचा धंदा आणि गळ टाकणें ही त्यांची हौस. जाळ्याविषयीं ते फारसें बोलत नसत. ‘जाळ्याला डोस्कं लागत न्हाई, मास्तर, खांदा लागतोय,’ असें एकदां म्हणाले होते.

नदीला पहिलें तांबडें पाणी आलें, कीं बाबा गोठ्याच्या मोरीजवळ गांडुळें खणूं लागत. गढूळ पाण्यांत माशाला दिसत नाहीं. तो वासानें आणि स्पर्शानें खाणें शोधतो. शिंगटी, शिंगाळा यांच्या मिशा म्हणजे नुसती शोभा नव्हे; त्यांच्या टोकापर्यंत चव कळते हें शास्त्रज्ञांनीं पुढें सांगितलें, बाबांना तें आधींच ठाऊक होतें. गांडूळ गळांत ओंवतांना शेपटाकडचा भाग मोकळा ठेवावा, म्हणजे तो वळवळतो. वाम धरावयाची तरी गांडूळच, पण तें दगडांच्या कपारीशीं तळाला टेकलें पाहिजे.

पाणी निवळलें कीं गांडूळ बंद. आश्विनाच्या सुमारास काठावरच्या गवतांत नाकतोडे होत. ते जिवंत, बिनशिशाचे, पाण्याच्या पृष्ठावर सोडावयाचे. मरळीला बेडकी किंवा लहानसा मळ्या. काठच्या उंबरांचीं फळें पिकून पाण्यांत गळूं लागलीं, कीं त्या झाडाखालीं उंबरच लावावयाचें. तेथें दुसरें कांहीं लावणें हा बाबांच्या दृष्टीनें शुद्ध अडाणीपणा होता. ‘त्याच्या ताटात जे वाढल्यालं हाय तेच आपुन वाढायचं,’ असें ते म्हणत. एवढ्याशा वाक्यांत जें आहे, तें मला पुढें जाड जाड इंग्रजी पुस्तकांत पुन्हा वाचावयास मिळालें.

आणि निवळशंख, संथ पाण्यांत, खवल्यांच्या हुशार माशांसाठीं, कणीक. ही कणीक मळणें हें एक स्वतंत्र शास्त्र आहे. पाण्याऐवजीं आंबट ताक घ्यावयाचें, चिमूटभर हिंग घालावयाचा, आणि गोळी पाण्यांत विरघळूं नये म्हणून थोडा पिंजलेला कापूस मिसळावयाचा. गोळी हरभऱ्याएवढी, त्याहून मोठी नव्हे. वाचकांपैकीं कोणास प्रयोग करावयाचा असल्यास कणीक फार सैल होऊं देऊं नये, एवढीच सूचना करतों.

माझी अडचण येथेंच उत्पन्न झाली. माझी आई त्या वेळीं माझ्याकडे राहत असे. घरांत मी गांडुळें आणलीं तेव्हां तिनें नाक मुरडलें, परंतु ती कांहीं बोलली नाहीं. कणीक मागितली तेव्हां मात्र तिनें डब्यावर हात ठेवला. कारण कणकेच्या गोळ्या तीहि करीत असे, आणि त्याहि माशांसाठींच! अधिकमास आला कीं ती कागदाच्या बारीक चिठ्ठ्यांवर रामनाम लिही, एकेक चिठ्ठी एकेका गोळींत घाली आणि घाटावर जाऊन त्या गोळ्या कृष्णेंतल्या माशांना घाली. हा प्रघात वाचकांच्या घरींहि असेल. तिची गोळी आणि माझी गोळी बाहेरून अगदीं सारखी. तिच्या गोळींत रामनाम, माझ्या गोळींत गळ. ‘माशानं ओळखायचं कसं, कोणती तुझी नि कोणती माझी?’ तिनें विचारलें.

माझ्याजवळ उत्तर नव्हतें. खरें सांगावयाचें तर अजूनहि नाहीं. गांडूळ लावून शिंगटी धरतांना मला कधीं टोंचणी लागली नाहीं. भूक आणि जोखीम तेथें एकमेकांना शोभतात, नदींत रोज तेंच चाललेलें असतें. पण कणीक नदींत उगवत नाहीं. ती माणसाच्या हातूनच माशापर्यंत पोंचते. जो मासा कणीक खातो तो माणसाच्या हातावर विसंबलेला असतो, आणि त्याच हातानें मी त्याला ओढणार. मी ही शंका बाबांना बोलून दाखविली. ते हसतील असें वाटलें होतें. ते हंसले नाहींत. ते म्हणाले, ‘म्हणून तर घाटाखाली गळ टाकत न्हाईत, मास्तर. पोसल्याल्यावर गळ टाकायचा न्हाई. घाट सोडून दोन चिलमी वढूस्तवर चालायचं, मग बसायचं.’ दोन चिलमी ओढण्याइतकें अंतर म्हणजे नक्की किती, हें मी कधीं मोजलें नाहीं. पण ते स्वतः तें काटेकोरपणें पाळीत.

पुढें मला या वादाचा एक फार जुना प्रतिपक्षी भेटला, तोहि राजा! कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतला तिसरा सोमेश्वर. त्याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सुमारें ११३० सालचा. राजानें करमणूक कशी करावी हें सांगतांना त्यानें ‘मत्स्यविनोद’ या नांवाचें एक प्रकरणच घातलें आहे; मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं त्याच्यावर सविस्तर लिहून तें विद्वानांच्या नजरेस आणलें. समुद्रांतले मासे व नद्यांतले मासे, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, कोणाला कोणतें खाद्य, अशी त्या राजानें व्यवस्था लावली आहे. आठ नऊशें वर्षांपूर्वीं एका सार्वभौम राजानें माशांच्या आवडीनिवडी इतक्या प्रेमानें लिहून ठेवाव्या, हें वाचून मला केवढा आनंद झाला! परंतु पुढें वाचावें तों, माशांना ठराविक जागीं खाऊ घालून तेथें येण्याची सवय लावावी व मग गळ टाकावा, असा त्याचा उपदेश. म्हणजे बाबा जें करूं नये म्हणत, नेमकें तेंच राजा करावें म्हणतो. आजहि पेंडीचे गोळे टाकून जागा ‘लावणारे’ गळकरी कमी नाहींत, आणि त्यांना मासे पुष्कळ मिळतात हें कबूल केलें पाहिजे. तरी या एका बाबतींत मला कल्याणीच्या राजापेक्षां कृष्णाकाठचा भोई अधिक राजस वाटतो.

महाडाजवळच्या वाळण कोंडींत मोठमोठे महसीर आहेत. लोक त्यांना चुरमुरे घालतात आणि त्यांना कोणी धरीत नाहीं. सभोवारच्या नद्यांतून हा मासा दुर्मिळ होत गेला तरी त्या कोंडींत तो टिकला आहे. हें आईला सांगितलें असतें तर तिनें वाद जिंकल्यासारखी मान हलविली असती.

आमच्या महसीराचें शास्त्रीय नांव ‘खुद्री’. कर्नल साइक्स नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनची पाहणी करीत असतां येथले मासे जमविले आणि १८३९ च्या सुमारास त्यांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. त्यानें एक मोठी रसिकता दाखविली : लॅटिन नांवें शोधीत बसण्यापेक्षां अनेक माशांना त्यानें येथल्या लोकांच्या तोंडचींच नांवें दिलीं. त्यामुळें मळ्या आणि शिंगटी हे आमचे गरीब शेजारी आज जगाच्या शास्त्रग्रंथांत त्याच नांवानें मिरवतात. त्यांतला ‘नुक्ता’ म्हणजे आपला नकटाच असावा. त्या माशाच्या नाकाची ठेवण ज्यानें पाहिली असेल त्याला ही शंका खचित येईल.

दोन वर्षांपूर्वीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला एक पेटी आणून दिली. तो अमेरिकेच्या वायव्येस, वॉशिंग्टन राज्यांत नोकरीला आहे आणि तिकडच्या नद्यांवर सामन व स्टीलहेड धरण्याच्या नादीं लागला आहे. पेटींत ‘जिग’ होते : गळाच्या मानेशीं शिशाचा रंगीत मणी आणि त्यामागें मऊ पिसांचा झुबका. तरंगत्याखालीं टांगला, कीं प्रवाहांत तीं पिसें श्वास घेतल्यासारखीं फुलतात आणि मिटतात. गुलाबी, नारिंगी, जांभळा, काळा असे रंग होते. पाणी गढूळ असेल तर मोठा व भडक, निवळ असेल तर लहान व मंद रंगाचा, असा त्यानें मला नियम सांगितला. मला बाबांचीं गांडुळें आणि हरभऱ्याएवढी गोळी आठवली. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन नद्या, पण नियम एकच.

परंतु त्यानें दुसरी जी गोष्ट सांगितली तिनें माझी झोंप उडविली. सामन हा मासा समुद्रांत वाढतो आणि अंडीं घालण्यासाठीं आपल्या जन्माच्या नदींत परततो. नदींत शिरला कीं तो जवळजवळ खाणें सोडतो. त्याचें पोट आक्रसून जातें. पॅसिफिकमधले सामन तर अंडीं घालून मरूनच जातात. (स्टीलहेड हा त्यामानानें सुदैवी, तो पुन्हा समुद्रास जाऊं शकतो.) असा हा निराहारी यात्रेकरू तरीहि गळाला तोंड घालतो! कां, याविषयीं तिकडे अजून वाद आहेत. कोणी म्हणतात रागानें, कोणी म्हणतात समुद्रांतल्या जुन्या सवयीनें. आणि त्याला धरण्यासाठीं वापरतात तें एक प्रमुख आमिष कोणतें? मीठ-साखर लावून मुरविलेलीं सामनचींच अंडीं! आमिष म्हणजे भुकेचा अभ्यास, ही माझी व्याख्या येथें लटकी पडते. ज्याला भूकच नाहीं त्याला काय देऊन फसवितात? मीं विद्यार्थ्याला हा प्रश्न विचारला. तो म्हणाला, ‘सर, तिकडे आम्ही एवढा विचार करत नाही.’ त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. तिकडचे लोक किती मासे ठेवावे व किती सोडून द्यावे याचे कायदे पाळतात, आणि हेंहि एक प्रकारें माशाचा विचार करणेंच आहे.

आमच्याकडे विचार करावयास आतां मासेच कमी उरले आहेत. नद्यांवर धरणें झालीं, वाळू उपसली गेली, कारखान्यांच्या घाणीनें मासे मरून वर आल्याच्या बातम्या सांगलीकडून अधूनमधून येतात. भारतांत १९५२ सालीं आणलेला चिलापी आतां डोहाडोहांत झाला आहे; त्याला कांहींहि चालतें. तळ्यांत सोडलेले रोहू-कटला ठेकेदाराच्या जाळ्यासाठीं वाढतात. लोणावळ्यास टाटांच्या वीजकंपनीनें १९७० च्या सुमारास खुद्रीची पैदास सुरू केली आणि पिलें दूरदूर पाठविलीं, ही त्यांतली चांगली गोष्ट. पण उंबराखालीं उंबर लावावें असा मासाच जेथें राहिला नाहीं, तेथें तें ज्ञान कोणाच्या कामाचें? विद्यार्थ्यानें दिलेला काळा जिग मीं येरळेंत एकदां टाकून पाहिला. तो घेतला चिलापीनेंच.

बाबा जाऊन पुष्कळ वर्षें झालीं, आईहि गेली. कणीक मीं पुढें कधीं वापरली नाहीं. बाबांचा नातू आतां वडुजाकडे एका दुकानांत आहे. त्याच्या बापानें जाळें सोडलें, यानें तें कधीं धरलेंच नाहीं. गेल्या पावसाळ्याअखेर तो एका रविवारीं माझ्याकडे आला आणि कांहींसा संकोचून म्हणाला, ‘गुरुजी, आज्जा नाकतोडा लावायचा म्हणं. कुठनं टोचायचा?’ आम्ही दोघे येरळेवर गेलों. तासभर गवतांत वांकून फिरलों तेव्हां तीन नाकतोडे मिळाले. मीं त्याला दाखविलें : डोक्यामागें जें कठीण कवच असतें त्याच्या खालून बारीक गळ घालावयाचा, पोटाला धक्का लावावयाचा नाहीं, पाय मोकळे ठेवावयाचे. पहिला त्याच्या हातून तुटला. दुसरा नीट लागला, आणि त्यानें तो डोहाच्या वरच्या बाजूला, पाणी खेळतें होतें तेथें, अलगद सोडला.