आधी कॉपी, मग सेल

मागच्या मे महिन्यात मी पंधरा दिवस वर्क फ्रॉम होम घेऊन परभणीला गेले होते. दुसऱ्याच दिवशी मामाचा फोन आला. “तू कॉम्प्युटरवाली आहेस ना? जरा शेडवर ये. मशीनवर बी-ए-टी असं काहीतरी लुकलुकायलंय.”

मामाचं शेड एमआयडीसीत आहे. आधी तिथं दोन साधे लेथ होते. पाच वर्षांपूर्वी त्यानं कर्ज काढून एक जुना सीएनसी लेथ घेतला, मोठ्या शहरातल्या कारखान्यातून निघालेला. त्याचा कंट्रोलर जपानच्या फानुकचा, झिरो-टी. वयानं माझ्यापेक्षा मोठा. त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या पिना निघतात, रोटाव्हेटरचे बुश निघतात, हंगामाआधी मानवत-सेलूकडच्या जिनिंगचे शाफ्ट येतात. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्याकडे म्हणतात. मामाच्या शेडमध्ये त्यात जपानचीही भर पडली होती.

बी-ए-टी म्हणजे बॅटरी. या कंट्रोलरची मेमरी टॉर्चमध्ये घालतात तसल्या तीन मोठ्या सेलवर जिवंत राहते. मेन स्विच बंद केला की सगळी जबाबदारी त्या सेलवर. मेमरीत नुसते प्रोग्राम नसतात, पॅरामीटर पण असतात. टूल किती अंतरापर्यंत जाऊ शकतं, स्क्रूमधली ढिलाई किती धरायची, चक जास्तीत जास्त किती वेगानं फिरवायचा, असे शेकडो आकडे. ते पुसले गेले की दोन-तीन टनांचं मशीन म्हणजे भंगारातलं लोखंड. एरवी हे आकडे छापून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवलेले असतात. मामाच्या मशीनच्या दाराला फक्त गोंदाचे डाग होते.

सेल बदलायचे ते मशीन चालू असतानाच, नाहीतर मेमरी जाते. सेलच्या डबीच्या पट्ट्या गंजलेल्या. म्हणजे घासण्यापुसण्यात वेळ जाणार. “सेल बदलायलो अन् लाईट गेली तर?” मामा म्हणाला. “आधी कॉपी, मग सेल.” कर्जाचे सोळा हप्ते बाकी होते. रोज संध्याकाळी मशीन बंद करताना तो देवाला करावा तसा नमस्कार करायचा.

मला वाटलं, तासाभराचं काम आहे. मी नोकरीत रोज सर्व्हरचे बॅकअप घेते. ते सर्व्हर कुठल्या देशात आहेत हेही मला माहीत नसतं. इथं तर मशीन चार फुटांवर होतं. पण त्याला यूएसबी नाही, नेटवर्क नाही. बाजूला फक्त २५ पिनांचं एक सॉकेट. आरएस-२३२. हे स्टँडर्ड १९६० सालचं, टेलिप्रिंटर आणि मोडेमच्या जमान्यातलं.

मी ऑनलाइन २५ पिनांची तयार केबल मागवली, एका बाजूच्या २५ तारा सरळ दुसऱ्या बाजूला. तिला एक कन्व्हर्टर, आणि तो लॅपटॉपला. केबल लावली आणि कन्व्हर्टरमधून जळका वास आला. नंतर मॅन्युअल वाचलं. या सॉकेटच्या २५ नंबरच्या पिनेवर २४ व्होल्ट असतात, जुन्या टेपरीडरसाठी. माझ्या केबलनं ते निमूटपणे पलीकडे पोचवले होते. लॅपटॉप वाचला तो नशिबानं.

मशीनवर चाचा असतात. वय साठीच्या पुढं. वाळूजच्या कारखान्यात आयुष्य काढून परत गावी आलेले. ते काही बोलले नाहीत. फक्त खिशातून मल्टिमीटर काढून माझ्या हातात दिला. “बेटी, आधी मीटर लाव. मग वायर लाव.”

दुसरी केबल आम्ही दोघांनी मिळून डागली. खरं तर लागतात तीनच तारा. एक बोलायची, एक ऐकायची, एक दोघांची सामाईक ग्राउंड. मात्र बोलण्याआधी मशीन विचारतं, समोरचा तयार आहे का? ते विचारणाऱ्या पिना आपण त्याच्याच उत्तराच्या पिनांना जोडून टाकतो. ४ ला ५. ६, ८ आणि २० एकत्र. म्हणजे मशीनला स्वतःचाच होकार ऐकू येतो आणि ते पुढं सरकतं. लॅपटॉप चार्जरवरून काढला, मग केबल लावली.

मशीननं पाठवायला सुरुवात केली आणि माझ्या स्क्रीनवर कचरा आला. गंमत म्हणजे निम्माच कचरा. जी बरोबर, एम बरोबर, शून्य बरोबर, ३ बरोबर. पण एक्स, टी, १ आणि २ यांच्या जागी भलतीच चिन्हं. केबल खराब असती तर सगळंच बिघडलं असतं. अक्षरं अशी निवडून कशी बिघडतील?

रात्री गच्चीवर पडल्यापडल्या लक्षात आलं. नांदेडला इंजिनियरिंगला असताना ‘पॅरिटी बिट म्हणजे काय’ हा प्रश्न मी चार मार्कांसाठी पाठ केला होता. हे मशीन प्रत्येक अक्षर सात बिटांत पाठवतं. त्या सातांत १ किती आले ते मोजतं आणि आठवा बिट असा लावतं की एकूण १ सम संख्येत यावेत. जी म्हणजे १०००१११, चार वेळा १, आधीच सम, म्हणून आठवा बिट ०. एक्स म्हणजे १०११०००, तीन वेळा १, म्हणून आठवा बिट १. माझा लॅपटॉप हा तपासणीचा बिट अक्षराचाच भाग समजत होता. ज्यांचे १ सम, ती अक्षरं वाचली. ज्यांचे विषम, ती बिघडली. चार मार्कांचं उत्तर मला पहिल्यांदाच समजलं होतं.

सकाळी सेटिंग बदललं. ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट. वेग मशीनमध्ये बघितला. ५५२ नंबरच्या पॅरामीटरमध्ये १० होते, म्हणजे सेकंदाला ४८०० बिट. एका अक्षराला मागचेपुढचे धरून ११ बिट, म्हणजे सेकंदाला साधारण ४३६ अक्षरं. या वेगानं व्हॉट्सअपवरचा ३ एमबीचा एक फोटो जायला जवळजवळ दोन तास लागतील. पण मशीनची सगळी प्रोग्राम मेमरीच ८० मीटर. हो, मीटर. पूर्वी प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून ठेवत, एका इंचात दहा अक्षरं, म्हणून मेमरी पट्टीच्या लांबीत मोजायची पद्धत पडली. ८० मीटर म्हणजे साधारण ३१,५०० अक्षरं. सव्वा मिनिटात सगळे प्रोग्राम लॅपटॉपवर आले. मग पॅरामीटर आले, एकेक ओळ. मामा ओळी वर सरकताना बघत होता. “हे सगळं ह्याच्यात होतं?” एवढंच म्हणाला. मग चाचांनी पट्ट्या घासल्या, नवीन सेल घातले. बी-ए-टी गेलं.

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण ८० मीटर लवकर भरतात. म्हणून चाचा जुना प्रोग्राम पुसून वहीतून नवीन टाइप करायचे, एका बोटानं. दोनशे पानी वही, कडांना ग्रीसचे ठसे. मी रात्री बसून त्यातले सगळे प्रोग्राम लॅपटॉपवर उतरवले. सकाळी बुशचा प्रोग्राम केबलनं पाठवला. काही सेकंदांत मशीनमध्ये. चाचांनी वही मिटली आणि पुसून खणात ठेवली. “चला, आता हिचं काम नाही.”

दुपारी साडेतीनला बुश घट्ट बसेना. व्यास दोन शतांश मिलिमीटरनं सरकला होता. चाचा बाहेर चहाला गेले होते. मी प्रोग्राम वहीशी ताडून बघितला. अक्षर न् अक्षर बरोबर. मग त्याच पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं. ‘दुपारी ३ नंतर ऑफसेट ०.०२ बदल.’ खाली, ‘पत्रे तापतात.’ दुसऱ्या पानावर, ‘हा माल कडक, फीड कमी.’ पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी मशीनसुद्धा तापतं, पसरतं. माझ्या फाइलमध्ये यातलं काहीच नव्हतं. तो प्रोग्रामचा भाग नाही म्हणून मीच सोडलं होतं. आठवा बिट अक्षरात धरून लॅपटॉप चुकला होता, मी समास सोडून चुकले होते.

या मशीनच्या भाषेत कंसात लिहिलेलं मशीन वाचून सोडून देतं. म्हणून मी चाचांना शेजारी बसवून समास उतरवून घेतला. मराठी सात बिटांत मावत नाही, त्यामुळं रोमन लिपीत, कॅपिटल अक्षरांत. या शेऱ्यांनीही मेमरी खाल्ली, साधारण दीड मीटर. मामानं हिशेब विचारला नाही.

“कंसातलं मशीन करत नाही म्हणतेस,” चाचा म्हणाले. “मग लिहायचं कामून?”

“मशीनपुढं जो उभा राहील त्याच्यासाठी.”

चाचांनी खणातून वही काढून परत मशीनवर ठेवली. “मग हे पण लिही,” म्हणाले, “उन्हाळ्यात पहिला पीस मोजून टाकून द्यायचा.”

फाइलींच्या तीन कॉप्या आहेत. माझ्याकडे, मामाच्या मोबाईलवर आणि गल्ल्यातल्या पेन ड्राइव्हमध्ये. कॅबिनेटच्या दाराला आतून पॅरामीटरची छापील यादी चिकटवली आहे, जुन्या गोंदाच्या डागांवरच. तिच्याखाली सेल बदलल्याची तारीख चाचांनी स्वतःच्या हातानं लिहिली आहे.