हाताचा हिशेब

पक्षाघातानंतर दादांचा उजवा हात उठेना. चाळीस वर्षे पेढी सांभाळलेल्या माणसाला सर्वांत बोचली ती थांबलेली सही. मुलांनी यंत्रोपचाराची चौकशी आरंभिली, तेव्हा दादांनी व्यापाऱ्याचाच प्रश्न केला, "लाभ किती?"

अशा आरंभीच्या यंत्रांपैकी ‘एमआयटी-मॅनस’ हे अमेरिकेत नेव्हिल होगन व हर्मानो क्रेब्स यांनी घडविले. रुग्ण पडद्यावरील बिंदूकडे हात नेऊ पाहतो. हात अडला तरच यंत्र आधार देते. जुने मुनीमही नव्या उमेदवाराला असेच शिकवीत. शिवाय यंत्र थकत नाही, एका बैठकीत शेकडो वेळा हात हलवून घेते.

ताळेबंद मात्र निराळा निघाला. किमान 6 महिन्यांपूर्वी पक्षाघात झालेल्या 127 रुग्णांवरील अमेरिकी चाचणी 2010 साली प्रसिद्ध झाली. 12 आठवड्यांनी यंत्र नेहमीच्या उपचारांहून निश्चितपणे सरस ठरले नाही. 36 आठवड्यांनी थोडी अधिक सुधारणा दिसली. पण तितकाच कसून व्यायाम करवून घेणारा प्रशिक्षित माणूस यंत्राच्या बरोबरीस उतरला.

हे ऐकून दादा बराच वेळ गप्प राहिले. आता फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम नातू रोज दोनदा करवून घेतो. समोर वाटी ठेवतो, आणि आजोबांचा हात अडेपर्यंत स्वतःचा हात पाठीमागे धरून बसतो.