पुढच्या आठवड्यात या

हिमोफिलिया असलेल्या मुलाच्या घरी सकाळ होते ती त्याचे गुडघे चाचपून. रक्त गोठवणारा एक घटक त्याच्या शरीरात कमी असतो. त्यामुळे कुठे आपटलं नाही तरी सांध्यात रक्त उतरतं, सांधा गरम होऊन सुजतो आणि मूल रात्रभर कण्हतं. याच घटकाचं, म्हणजे ‘फॅक्टर’चं इंजेक्शन वेळेवर मिळालं तर रक्तस्राव आटोक्यात येतो. नाही मिळालं तर तोच सांधा पुन्हा पुन्हा भरतो, कूर्चा झिजते आणि ऐन तारुण्यात पाय कायमचा आखडतो.

आरोग्याच्या निधीला लागलेली कात्री या घरांना अर्थसंकल्पाच्या बातमीतून कळत नाही. ती औषधाच्या खिडकीवर कळते : “फॅक्टर आलेला नाही, पुढच्या आठवड्यात या.” बाहेरून आणायचं तर एकेका वेळचे हजारो रुपये. रोजंदारीवरच्या आईबापांनी ते कुठून आणावेत?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेलही घेतले. घराजवळ मोफत उपचार देण्याची जबाबदारीही सरकारवर टाकली. पण कायद्यामागे पैसा उभा राहिला नाही तर तो कागदावरच राहतो. सार्वजनिक आरोग्यावर 2025 पर्यंत जीडीपीच्या 2.5 टक्के खर्च करू, असं 2017 च्या राष्ट्रीय धोरणाने म्हटलं होतं. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता.

स्वीडनमध्ये 1958 पासून मुलांना रक्तस्राव होण्याआधीच नियमित फॅक्टर देऊ लागले आणि त्यांचे सांधे वाचले. आपल्याकडे मात्र मदत उलट्या बाजूने येते. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी 80 टक्के दिव्यांगत्व लागतं, आणि केंद्राचा वाटा महिन्याला 300 रुपये. म्हणजे गुडघा वाचवायला पैसे नाहीत. तो निकामी झाल्यावर 300 रुपये आहेत. याचा मला मनापासून संताप येतो.

या कपातीत वाचत काहीच नाही. आईची बुडालेली मजुरी, मुलाची हुकलेली दहावीची परीक्षा, पुढे न मिळालेली नोकरी, असा तोच खर्च कितीतरी पटीने घराला भरावा लागतो. ज्या औषधाच्या उशिराने माणूस कायमचा दिव्यांग होतो, त्याचे पैसे शिल्लक उरल्यावर द्यायचे नसतात. ते आधी बाजूला काढावेत आणि मग बाकीचा हिशेब मांडावा.