पट्ट्याशी जुळवून घेताना

गुडघ्याला पट्टा बांधला की स्नायू आयतखाऊ होतात, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोकडे जाताना कुणी बाई पट्टा लावून जिना चढताना दिसली की कीव यायची. कारण शास्त्रीय होतं, पण त्याच्याआड माझा तोरा होता. पट्टा म्हणजे म्हातारपणाची पाटी, आणि ती मला लावायची नव्हती.

आमच्या पिढीला गुडघेदुखीवर दोनच उपाय ठाऊक: चोळायचं तेल नाहीतर ऑपरेशन. वाजपेयींचे गुडघे ब्रीच कँडीत २००० आणि २००१ साली बदलले, २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींना लगाम घातला. चर्चा सगळी त्याचीच. मधलं काही असतं, हे कुणी बोलतच नव्हतं.

माझं मत फिरवलं मुलुंडच्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीने. माझी झीज गुडघ्याच्या आतल्या बाजूला. त्यामुळे पाय बाहेर वाकलेला, आणि वाकल्यामुळे भार पुन्हा त्याच झिजलेल्या बाजूवर. बिजागरीचा पट्टा तो भार थोडा बाहेरच्या बाजूला सरकवतो. औषधाच्या दुकानातली ताणून चढवायची नी-कॅप ऊब देते, धीर देते, बस्स. मी स्नायूंचा मुद्दा काढलाच. ती म्हणाली, "काकू, दुखतं म्हणून तुम्ही बसून राहता. मांडीचे स्नायू त्यानेच जातात. पट्टा लावा, पण चाला आणि व्यायाम करा." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरी मी पट्ट्याची भक्त झालेले नाही. चालणं अडत असेल, गुडघा डगमगत असेल किंवा फार दुखत असेल, तर अमेरिकी संधिवाततज्ज्ञांची २०१९ ची मार्गदर्शक सूचना पट्ट्याची ठाम शिफारस करते. ब्रिटनची २०२२ ची म्हणते, सरसकट देऊ नका. गुडघा अस्थिर असेल किंवा भार वाकडा पडत असेल आणि पट्ट्याशिवाय व्यायाम साधत नसेल, तरच द्या. मला हे दुसरं जास्त पटतं. जुना हट्ट थोडा शिल्लक असावा. शिवाय आपल्या दमट हवेत पट्ट्याखाली घामोळं उठतं आणि सलवारीखाली बिजागरी फुगते, ते वेगळंच. बाजाराला जाताना, पूल चढताना लावते. घरी काढून ठेवते. दुखणं गेलेलं नाही, चालणं वाढलं.

घ्यायचाच असेल तर शेजारणीचा पाहून घेऊ नका. आधी गुडघा तपासून घ्या, पायाचं माप देऊन पट्टा घ्या. सूज किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडा. मधुमेह असेल तर पट्ट्याखालची त्वचा रोज बघा.