चीट डेच्या दुसऱ्या दिवशी

सात महिन्यांत मी नऊ किलो उतरवले होते. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ती एचबीएवनसी नावाची तपासणी ८.६ वरून ६.८ वर आली होती. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून चक्क टेबलावर थाप मारली होती. त्यामुळे फेब्रुवारीत पुतण्याच्या लग्नाला कुंभकोणमला निघताना मी घरात सगळ्यांना बजावलं, "लग्नाचा एक दिवस मी काहीही खाणार. तो माझा चीट डे. कुणी डोळे वटारायचे नाहीत."

नवरीकडचे लोक तंजावरचे मराठी. व्यंकोजीराजे तंजावरला गेले त्याला साडेतीनशे वर्षं होत आली, पण या घरांमधून मराठी अजून बोलली जाते. जुन्या वळणाची, मधेच तमिळ हेल घेणारी. नवरीच्या आजी "झालं" न म्हणता "जालं" म्हणतात. सांबाराला संभाजीराजांचं नाव मिळालं ही गोष्ट त्या घरात तीन जणांनी मला तीन प्रकारे सांगितली. खरी की खोटी ते राहू द्या, सांबार मात्र मी चार वाट्या प्यायले.

लग्नाच्या दिवसाचा हिशेब देते, कारण पुढे तो लागणार आहे. पहाटे मुहूर्ताआधी पितळी डबरा-टंबलरमधून डिग्री कॉफी. घट्ट दूध, चिकोरी घातलेला दाट डिकॉक्शन आणि दोन चमचे साखर. नाश्त्याला इडली आणि कडप्पा. कडप्पा म्हणजे मूगडाळ-बटाट्याचा दाटसर रस्सा, तंजावर-कुंभकोणमकडची खास गोष्ट. मग पुन्हा कॉफी. दुपारी केळीच्या पानावर भाताचे तीन डोंगर (सांबाराचा, रस्समचा, दह्याचा), वडा, अप्पळम, तुपात भिजलेली पोळी आणि पायसम. पायसम दोनदा. संध्याकाळी कुणीतरी तिरुवैयारूहून अशोका आणला. मूगडाळीचा हा हलवा तुपामुळे बोटांवरून घसरतो. तो किती खाल्ला ते मोजलं नाही. रात्री पुन्हा पान मांडलं गेलंच.

मजा आली, हे आधी कबूल करते. त्या दिवसाबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. गडबड झाली ती रात्री अकराला, खोलीवर आल्यावर.

मोबाइलमधल्या डाएटच्या अॅपमध्ये दिवसभराचं सगळं भरायचा शहाणपणा मी केला. आकडा लाल झाला. सात महिन्यांची हिरवी रांग आणि तिच्या टोकाला तो लाल ठिपका. मला शाळेत कॉपी करताना पकडल्यासारखं वाटलं. 'चीट' या शब्दातच ते आहे म्हणा. एकदा आपण जेवणाला लबाडी म्हटलं की तिची शिक्षाही ओघानं येतेच. मीच पोलीस, मीच न्यायाधीश. निकाल लागला: उद्या रात्रीपर्यंत काही खायचं नाही.

आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात. मी उलटं करायला निघाले होते. आधी दुप्पट, मग एकादशी.

सकाळी सवयीनं दात घासले आणि सवयीनंच गोळी घेतली. माझी गोळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली, नाश्त्याबरोबर घ्यायची. गोळी घेतली, नाश्ता नाही. नवरीच्या घरी सगळे इडलीला बसले तेव्हा मी म्हणाले, "माझा उपास आहे." सोवळ्याओवळ्याच्या घरात उपासाला कुणी आग्रह करणार नाही, असा माझा हिशेब. पण आजींनी भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिलं. "आज कसला उपास?" मी म्हटलं, "नवसाचा." त्या काही बोलल्या नाहीत. मला बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी दिली.

लग्नानंतर देवदर्शनाला दोन गाड्या निघाल्या. आधी स्वामिमलई. तिथे मुरुगनच्या देवळाला साठ पायऱ्या आहेत, तमिळ कालगणनेतल्या साठ संवत्सरांच्या. मी त्या रिकाम्या पोटी चढले आणि मनात म्हटलं, बरं झालं, तेवढाच अशोका जळला. तिथून अगदी जवळ तिरुवलंचुळी. वलम म्हणजे उजवीकडे आणि चुळी म्हणजे भोवरा किंवा वळसा. कावेरी इथे एका विवरात गडप झाली आणि एका ऋषीनं त्यात उतरून तिला पुन्हा वर आणलं, मग ती उजवीकडे वळसा घेऊन पुढे गेली, अशी स्थळकथा आहे.

देऊळ शंकराचं, चोळांच्या काळापासूनचं, पण लोक येतात ते गणपतीसाठी. श्वेत विनायक. मूर्ती वीतभर उंचीची, पांढरी. तिच्या मंडपाला दगडात कोरलेली जाळीची खिडकी आहे. म्हणतात की जुने स्थपती देऊळ बांधायचा करार करताना "तिरुवलंचुळीची खिडकी सोडून काहीही करून देऊ" असं लिहून घेत, इतकी ती अवघड. मी त्या खिडकीकडे बघत उभी होते आणि दगडाच्या जाळीची भोकं एकाची दोन दिसायला लागली.

आधी वाटलं, ऊन. मग पाठीवरून थंड घाम उतरला. हात कापायला लागले, ओठांना मुंग्या आल्या, छातीत धडधड. ह्यांनी काहीतरी विचारलं, त्याचं उत्तर मला माहीत होतं पण शब्द जुळेनात. मी खांबाला टेकून खाली बसले. त्या क्षणी मी काय विचार केला असेल? "बसले तर चालेल, खाल्लं तर चालणार नाही." खरंच. अठ्ठावन्न साखरेवरसुद्धा डोकं तो लाल ठिपका सोडायला तयार नव्हतं.

अठ्ठावन्न हा आकडा ह्यांनी गाडीतून ग्लुकोमीटर आणल्यावर कळला. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी झाली असं धरतात. पण आजींनी मीटरची वाट पाहिली नव्हती. तोपर्यंत मला 'तुम्ही' म्हणणाऱ्या आजी एकदम 'तू'वर आल्या. "गोळी घेतलीस? खाल्लं नाहीस?" मी मान हलवली. त्यांनी कमरेच्या पिशवीतून स्वामिमलईचा प्रसाद काढला, कलकंडू, म्हणजे आपली खडीसाखर. मूठभर माझ्या तोंडात घातली. "चघळू नको. चाव. कडकडा चाव."

त्या स्वतः बावीस वर्षांच्या मधुमेही आहेत हे मला तेव्हा कळलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं हेही त्यांनाच ठाऊक होतं.

ती पंधरा मिनिटं काढायला त्यांनी मला गणपतीची गोष्ट सांगितली. देव समुद्रमंथनाला बसले तेव्हा गणपतीला नमस्कार करायचा विसरले. मग वर आलं विष. मग सगळ्यांना आठवलं. आता भर समुद्रात मूर्ती कुठून आणणार? म्हणून लाटांवरचा फेस गोळा करून त्याचाच गणपती केला, त्याची पूजा केली आणि पुन्हा दोरी हातात घेतली. तोच हा गणपती. फेसाचा म्हणून त्याला अभिषेक नाही, पाणी नाही, दूध नाही, गंध नाही. फक्त खाण्याच्या कापराची पूड वरून भुरभुरवतात. आजींनी याचा अर्थ वगैरे काही सांगितला नाही. गोष्ट संपली, मीटरवर चौऱ्याऐंशी आले आणि त्यांनी पिशवीतून इडलीचा डबा काढला. माझ्यासाठीच आणला होता. नवस त्यांना पटला नव्हता.

"साखर खाऊन भागत नाही," त्या म्हणाल्या. "ती लगेच खाली जाते. गोळी पोटात आहे अजून." पुढे डॉक्टरांनीही हेच सांगितलं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो, आणि त्याचा अंमल तासन्‌तास राहतो. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही. म्हणजे माझ्या शेजारणीनं एखादं जेवण टाळलं तर तिला फक्त भूक लागेल, मी टाळलं तर मी देवळात पडेन. उपासच करायचा असेल तर गोळीचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारायला हवं होतं. सात महिने सगळं विचारून केलं आणि नेमकं हेच मनानं केलं.

मी दोन इडल्या खाल्ल्या. नुसत्या, चटणीशिवाय. डोळ्यांत पाणी आलं ते कशानं, ते मला नीट सांगता येणार नाही. साखर कमी झाली की रडूही येतं म्हणतात. ते कारण मी आनंदानं घेते.

दुपारी आजींच्या घरी पान मांडलं तेव्हा मी घाबरून बघत होते. पण त्या दिवशी घरचं साधं जेवण होतं. भाताचा एकच लहान मूद, आंबट भाजी, डांगर पच्चडी (उडदाच्या पिठाची, आपल्या डांगराची बहीण), वाटीभर भाजी आणि पातळ ताक. आजी स्वतः तेवढंच जेवल्या. मी विचारलं, "काल तुम्हीही पायसम घेतलंत ना? मग आज काय करता?"

"आज? आज रोजचं जेवते."

"कमी नाही करत?"

"रोजचं म्हणजे कमीच असतं." त्यांनी पान आपल्या बाजूला दुमडलं. तिकडे शुभकार्यात जेवण झालं की वरची बाजू आपल्याकडे दुमडतात. "लग्नाचं पान काल दुमडलं. ते आज कशाला उघडतेस?"

जेवण झाल्यावर त्या अंगणात दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या मारत होत्या. मीही त्यांच्या मागून. हे मात्र खरोखर उपयोगी आहे, जेवणानंतर चाललं की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. दोघी काही बोललो नाही. आजींचा वेग माझ्यापेक्षा जास्त होता.

पुण्याला परतल्यावर वजनकाट्यावर एक किलो आठशे ग्रॅम जास्त दिसले. आधीची मी असते तर पुन्हा उपाशी राहिले असते. या वेळी कागद घेऊन बसले. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. म्हणजे पावणेदोन किलो चरबी चढायला नेहमीच्या जेवणावर तेरा-चौदा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. मी खादाड आहे, पण इतकी नाही. मग ते वजन कशाचं? बरंचसं पाण्याचं. भात, पोळी, साखर यांतून शरीर ग्लायकोजेन साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. वर सांबार, अप्पळम, प्रवासातले वेफर्स, यांचं मीठ. तेही पाणी धरतं. काटा कपाटावर ठेवला. आठ दिवस सकाळी मुगाचं धिरडं किंवा दोन अंडी, दुपारी भाकरी-भाजी-आमटी, रात्री लवकर जेवण, दोन्ही वेळा जेवणानंतर चालणं. जसं आधी होतं तसंच, त्यात एक घास कमी नाही. नवव्या दिवशी काट्यावर फरक दोनशे ग्रॅमचा होता.

डॉक्टर पायसमबद्दल काहीच बोलले नाहीत. अठ्ठावन्नबद्दल मात्र बरंच बोलले. गोळीही बदलून दिली. आता पर्समध्ये खडीसाखरेची पुडी असते आणि ह्यांच्या खिशातही.

ते अॅप मी काढून टाकलं नाही, उपयोगाचं आहे. फक्त सणाच्या दिवशी त्यात काही भरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून भरते.

गणपतीत यंदा मी तीन उकडीचे मोदक खाल्ले, तुपाची धार घेऊन. ऋषिपंचमीला सकाळी साडेनऊला कुंभकोणमहून फोन आला. आजींचा. पाडव्यालाही आला होता. मोदक किती खाल्ले, असं त्या विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न दरवेळी तोच असतो.

"आज सकाळी काय खाल्लं?"

"धिरडं, आजी. आणि ताक."

"गोळी?"

"धिरड्याबरोबर."

"बरं जालं," त्या म्हणाल्या, आणि नातजावयाची चौकशी करायला लागल्या.