पाहुण्यांना कोल्हापूर दाखवताना

सत्तरच्या दशकात शिवाजी पेठेतल्या आमच्या एकत्र घरात पाहुण्यांची कधी वानवा नव्हती. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी मुंबईची मंडळी उतरायची, सोलापूरची आत्या एसटीनं यायची, लग्नसराईत बेळगावकडचे सोयरे मुक्काम ठोकायचे. त्यांना गाव दाखवायला मोठ्यांपैकी कुणीतरी एक जण निघायचं आणि आम्ही चुलत-आत्ते भावंडं मागं लागायचो. आमच्या पिढीला कोल्हापूर कुणी मुद्दाम शिकवलं नाही. पाहुण्यांच्या मागं फिरून फिरूनच ते आम्हाला कळलं.

पहिला मान अंबाबाईचा. चहा मिळायचा, पण दर्शन झाल्याशिवाय पोहे नाहीत, हा आज्जीचा नियम जावयालासुद्धा लागू होता. ती घाटी दरवाजानं आत न्यायची आणि गाभाऱ्याआधी देवळाच्या बाहेरच्या भिंतींवरच्या दगडी मूर्ती दाखवायची. “आई तुला बघतीयाच, तू आधी ह्यास्नी बघून घे,” असं म्हणायची. अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जीखाँ देवीपुढं गानसेवा करायचे, ते गाणं तिनं तरुणपणी ऐकलं होतं. मुसलमान गवयानं आईपुढं गाण्यात वेगळं सांगण्यासारखं काही आहे, असं तिला कधी वाटलं नाही.

पाहुणे नोव्हेंबरात आले तर आज्जीला विशेष आनंद. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. आतले दिवे मालवतात. पहिल्या दिवशी किरणं चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. जानेवारीअखेरीस हाच सोहळा पुन्हा होतो. आभाळ आलं की सगळा मंडप हळहळायचा. आता पश्चिमेकडच्या इमारतींचे अडथळे वाटेत येतात आणि कधी कधी किरणं खालीच अडतात. गावानं आपल्या हातानं ही वाट अडवावी, याचं मला फार वाईट वाटतं.

दुपारनंतर पाहुणे आबांच्या ताब्यात. आबा तालमीत वाढलेले, त्यामुळं त्यांची वाट ठरलेली, खासबाग मैदान. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, तिथं रोमचे आखाडे बघून आले आणि १९०७ ते १९१२ या काळात त्यांनी हे मैदान बांधून घेतलं, हे आबा इतक्या अभिमानानं सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, चुन्याची घमेली यांनीच वाहिली असतील. मैदानाची रचना खोलगट. चारी बाजूंनी उतार आणि मधोमध हौदा. आबा पाहुण्याला सगळ्यात वरच्या कडेला उभं करायचे आणि आमच्यापैकी एकाला खाली पाठवायचे. खालच्यानं मूठभर माती उचलून हात वर करायचा. “दिसतीया का माती?” आबा विचारायचे. दिसायची. तेल, ताक, हळद, लिंबू पिऊन मऊ झालेली ती तांबडी माती कडेवरून स्पष्ट दिसायची. मागं बसलेल्या गरिबालाही कुस्तीचा प्रत्येक डाव दिसला पाहिजे, यासाठी हा सगळा खटाटोप होता, हे आम्ही तिथं शिकलो.

मैदानाला लागूनच नाट्यगृह, १९१५ साली उघडलेलं पॅलेस थिएटर, पुढं केशवराव भोसल्यांच्या नावाचं झालेलं. तिथं अण्णाकाकांचं राज्य. केशवराव कोल्हापूरचेच. १९२१ साली बालगंधर्वांबरोबर त्यांनी संयुक्त ‘मानापमान’ केलं आणि त्याच वर्षी ऐन तिशीत ते गेले. अण्णा हौशी नट होते, राखणदाराशी त्यांची ओळख होती. दुपारच्या रिकाम्या नाट्यगृहात ते पाहुण्याला शेवटच्या रांगेत बसवायचे आणि स्वतः रंगमंचावरून साध्या बोलण्याच्या आवाजात विचारायचे, “वहिनी, चहा घेणार का?” माइक नसताना शब्द न् शब्द ऐकू यायचा. एकाच राजानं शेजारी शेजारी दोन वास्तू उभ्या केल्या, एकीत शेवटच्या माणसाला दिसावं आणि दुसरीत शेवटच्या माणसाला ऐकू यावं म्हणून. कोल्हापूरबद्दल मला सांगायचं आहे ते एवढंच आहे, आणि ते तिथं उभं राहिल्याशिवाय पटत नाही.

नवा राजवाडा, १८८४ साली पुरा झालेला, आम्ही भरभर उरकायचो. त्याचा काळा दगड आणि घड्याळाचा मनोरा लांबूनच अधिक शोभतो. सिनेमावाल्या पाहुण्यांसाठी जयप्रभा स्टुडिओच्या फाटकाशी एक फेरी व्हायची, भालजी पेंढारकरांच्या एखाद्या शूटिंगची चाहूल लागते का ते बघायला. बाबूराव पेंटरांनी कॅमेरासुद्धा इथंच तयार केला, हे अण्णा वाटेत सांगायचे.

दिवस मावळताना गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर थांबायचं. तिथं म्हशी उभ्या, गवळी धार काढतोय, आणि ग्लासात दुधापेक्षा फेसच जास्त. कोमट फेस मिशीला लागला की मुंबईचे मामा संकोचायचे आणि लगेच दुसरा ग्लास मागायचे. मग रंकाळा. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असलं की संध्यामठ अख्खा उघडा पडायचा, पावसाळ्यात तो निम्मा बुडायचा. पलीकडं शालिनी पॅलेस. आम्ही भेळेचा कागद हातात घेऊन कट्ट्यावर बसायचो. पुढं केंदाळ वाढलं, सांडपाणी आलं, हिरव्या पाण्याला वास मारू लागला. लोकांनी आवाज उठवला तेव्हा थोडं सावरलं, अजून पुष्कळ व्हायचं आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. पुणे, पिंपरी, दुबई, जिथं जिथं आम्ही भावंडं विखुरलोय तिथं त्या रात्री कुणी झोपलं नाही. छत कोसळतानाची चित्रफीत आली आणि अण्णांच्या थोरल्या लेकीनं फोनवर हंबरडा फोडला. ती त्याच रंगमंचावर राज्य नाट्यस्पर्धेत उभी राहिली होती.

आता उभारणी हाती घेतली आहे. नाट्यगृह जसं होतं तसंच दिसावं, अशी मागणी होते आणि ती रास्तच आहे. पण आमच्या घरातल्या सगळ्यांचं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. आधी तो आवाज परत आला पाहिजे. काम पुरं झालं की अण्णांची लेक रंगमंचावर जाऊन चहाचं विचारणार आणि आम्ही उरलेले शेवटच्या रांगेत बसणार, असं ठरलं आहे.