फौजी आणि पोलीस एका रांगेत

जबलपूरच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्ये मी मोटरसायकल शिकलो, तेव्हा बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असायचा. किक मारायचीही रीत होती. अ‍ॅमीटरचा काटा मधोमध येईपर्यंत किक सावकाश दाबायची, डिकॉम्प्रेसर ओढून पिस्टन जरा पुढे सरकवायचा आणि मग एकाच दणक्यात. घाई केली की किक उलटून नडगी फुटायची. वायरलेसवरचं बोलणं शत्रू ऐकू शकतो, म्हणून महत्त्वाचं पाकीट माणसाच्या हाती पाठवायचं. ते नेणारा मी डिस्पॅच रायडर. रात्र असो, पाऊस असो, पाकीट पोचलंच पाहिजे.

१९५० च्या दशकात लष्कराने गस्तीसाठी ३५० सीसीची बुलेट घेतली आणि १९५५ पासून मद्रासमध्ये तिची जुळणी सुरू झाली. पुढे पोलीस ठाण्यांच्या आवारातही ती दिसू लागली. फौजी आणि पोलीस दोघांच्या तरुणपणाचा आवाज एकच, हे मला फार उशिरा उमगलं.

निवृत्त होऊन बुलडाण्याला आलो तेव्हा माजी सैनिकांच्या ओळखी सैनिक कल्याण कार्यालयात व्हायच्या. पेन्शनच्या कागदांवरून गप्पा निघायच्या, मग गाड्यांवरून. त्यातूनच आमचा ग्रुप झाला. १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी जायचं, कधी शेगाव, कधी लोणार. नोंदणी नाही, बिल्ला नाही.

मग एका निवृत्त पोलीस जमादारांनी विचारलं, "मेजर, मी आलो तर चालेल का?" आमच्यात यावर बराच वाद झाला. काहींचं म्हणणं, हा फौजींचा ग्रुप आहे, पोलिसांनी त्यांचा वेगळा करावा. सीमेवर उभा राहणारा आणि चौकात उभा राहणारा यांना एका मापाने मोजायला जुने लोक तयार नव्हते. मीही गप्प बसलो होतो.

१४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्यातले दोघे आपल्या जिल्ह्याचे: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्राचे नितीन राठोड. सीआरपीएफ गृहमंत्रालयाखाली येतं, ते पोलीस दल आहे. पण गावासाठी ते दोघे फौजीच होते, आणि आमच्यासाठीही. अंत्ययात्रेच्या गर्दीत दोर धरून उभे असलेले पोलीस शिपाई डोळे पुसत होते आणि पुन्हा दोर घट्ट धरत होते. ते पाहिल्यावर 'हे वेगळे, आम्ही वेगळे' हे तोंडातून निघेना.

तीन महिनेही झाले नव्हते. १ मे रोजी, महाराष्ट्र दिनालाच, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे १५ पोलीस शहीद झाले. त्यातही आपल्या जिल्ह्याचे जवान होते. वाद तिथेच संपला. जमादारांना फोन मी केला.

परदेशात असे क्लब जुने आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरी परतलेल्या कितीतरी सैनिकांना नागरी आयुष्य जमेना, तेव्हा मोटरसायकलच्या टोळ्यांमध्ये त्यांना पलटणीतली सोबत मिळाली. पोलिसांचा ब्लू नाइट्स १९७४ मध्ये मेन राज्यातल्या बँगर गावी सुरू झाला आणि अनेक देशांत पोचला. पलटण सुटली की माणसाला रांगेतली जागा हवी असते. ही गरज मी आमच्यातल्या प्रत्येकात पाहिली आहे.

पोलीस आले आणि आमचं चालवणं सुधारलं. आम्ही कॉन्व्हॉयची शिस्त आणली: हळू गाडी पुढे, मेकॅनिक शेवटी, मागचा दिसेनासा झाला की पुढच्याने थांबायचं. त्यांनी रस्ता आणला. कोणत्या वळणावर किती पंचनामे केले, हे जमादारांना तोंडपाठ. राजूर घाट उतरताना ते आधीच बजावतात, "क्लच दाबून गाडी सोडायची नाही, दुसऱ्या गिअरवरच उतरा." ज्ञानगंगा अभयारण्यातून बोथ्याच्या रस्त्याने जाताना हॉर्न बंद आणि मध्ये थांबणं बंद, हाही त्यांचाच नियम. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, पण दुचाकीला तिथे बंदी आहे. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. चिखली-मेहकरचा रस्ता गावांमधून जातो, आणि गावात थांबलो की भरतीची तयारी करणारी पोरं गाडीभोवती जमतात. धावण्याचा सराव कसा करायचा, कागद कोणते लागतात, एजंटला पैसे का द्यायचे नाहीत, हे त्यांना फौजी आणि पोलीस दोघांच्या तोंडून ऐकायला मिळतं. माझ्या मते ग्रुपचं सर्वांत मोलाचं काम हेच.

दर १४ फेब्रुवारीला आम्ही निघतो. एक वर्ष मलकापूर, एक वर्ष चोरपांग्रा. गाड्या वेशीबाहेर बंद करतो आणि पुढे चालत जातो, कारण ज्या घरातला माणूस गेला त्या घरासमोर इंजिनांची गर्जना नको. हा नियम आम्ही कधी मोडलेला नाही.

२१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. १९५९ मध्ये त्या दिवशी लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज भागात चिनी सैन्याशी लढताना दहा पोलीस जवान शहीद झाले होते. इतकी वर्षं वर्दीत काढूनही मला हे माहीत नव्हतं. सांगितलं जमादारांनी, चहाच्या टपरीवर. आता त्या दिवशीच्या मानवंदनेला आम्ही फौजी मेडल लावून जातो, आणि यंदा रांगेचे पायलट जमादार आहेत.